दीड ते साडेतीनची झोप

डोंबिवलीत दुपारी दीडनंतर आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात जी शांतता असते, ती मी तयार केलेली असते. तिचा मला गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते. पडदे ओढलेले, पंखा दोनवर, सतरंजीवर ओळीनं सहा-सात मुलं आणि त्यांच्या मधोमध आडवी झालेली मी. चोवीस वर्षं मी घरात पाळणाघर चालवते आहे. मुलांना भरवणं, धुणं-पुसणं, पडलं तर फुंकर घालणं हे कोणीही करील. पण सात पोरांना एकाच वेळी झोपवायला हात लागतो, आणि तो माझ्याकडे आहे.

माझ्या अनुभवानं सांगते, प्रत्येक मुलाची झोप अंगात वेगवेगळ्या जागी असते. कोणाची पाठीत असते; तिथं थोपटलं की डोळे मिटतात. कोणाची दोन भुवयांच्या मध्ये, कोणाची तळपायात. एका मुलाची झोप पोटावर पालथा हात ठेवल्याशिवाय यायची नाही, आणि हात उचलला की डोळे टक्क उघडे. नवीन मूल आलं की पहिले काही दिवस मी ती जागा शोधत असते. सापडली की काम झालं. मग त्याची आई दारात कितीही रडवेली उभी राहिली तरी मला काळजी नसते.

त्या दोन तासांत वर्षं एकमेकांत मिसळतात. खालच्या पिठाच्या गिरणीची घरघर चालू असते, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडी निथळत घातल्याचा आवाज येतो, पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवरून हळूहळू सरकते. माझा हात आपोआप चाललेला असतो, आणि मध्येच मला समजेनासं होतं की ही पाठ कोणाची. आत्ता माझ्याकडे असलेल्या पोराची, की कधीच्या काळी इथंच झोपलेल्या आणि आता परवा रिक्षा स्टँडवर दाढीमिशांसकट ‘काकू, ओळखलं का?’ म्हणत उभ्या राहिलेल्या त्या बाप्याची? मी ओळखलं नव्हतं. पण त्याची झोप डाव्या खांद्यात होती, हे मला घरी आल्यावर आठवलं.

मुलं झोपेत वाढतात म्हणतात. आमच्या सतरंजीला आडवे पट्टे आहेत. उन्हाळ्यात ज्याचे पाय निळ्या पट्ट्याशी संपतात, त्याचे दिवाळीनंतर लाल पट्ट्यावर आलेले असतात. जागेपणी मात्र ती वाढतात ती तोंडानं. अडीच वर्षांच्या आसपास एक दिवस उगवतो आणि मूल माझ्या हातातला घास ढकलून म्हणतं, ‘माझं मी!’ मग भात केसांत, वरण कोपरात, चप्पल उलट्या पायांत, पण सगळं ‘माझं मी’. आईवडील हे कौतुकानं सांगतात, मीही मान डोलावते. खरं तर तेव्हापासून माझं काम दुपटीनं वाढतं, कारण स्वतः भरवण्यापेक्षा सांडताना बघत बसणं जास्त कठीण असतं. सगळ्यात शेवटी झोपेची पाळी येते. एखाद्या दुपारी मूल माझा हात बाजूला करतं आणि भिंतीकडे तोंड करून आपलं आपण झोपतं. त्या दिवशी मी उगीचच चहा दोनदा करते.

जिच्याबद्दल मला सांगायचं आहे ती मुलगी आठ महिन्यांची असताना माझ्याकडे आली. समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते राहतात. आई ठाण्याला वर्तकनगरच्या बाजूला एका कचेरीत, वडील कोलशेतला. दोघंही सकाळी आठला घर सोडणार आणि संध्याकाळी सातला परतणार. हिची झोप हिच्या अंगात नव्हतीच, माझ्या अंगात होती. माझ्या कोपराची सैल कातडी चिमटीत धरल्याशिवाय तिचा डोळा लागायचा नाही. मग मी एका कुशीवर, हात तिच्याकडे लांब करून, दुसऱ्या हातानं बाकीच्यांना थोपटत पडून राहायची. वर्षभरात माझं उजवं कोपर काळंनिळं झालं. आमचे यजमान म्हणाले होते, ‘सोडव तिचा हात, सवय लागेल.’ मी म्हटलं, लागू दे.

कोरोनाच्या काळात पाळणाघर बंद होतं तेव्हा ती समोरच्या खिडकीतून हात हलवायची. परत आली ती दोन दात पडलेली, पहिलीतली मुलगी. दुपारी झोपण्याचं वय सरलं होतं. ती गॅलरीच्या दाराशी उन्हाच्या पट्टीत पुस्तक घेऊन बसायची आणि पट्टी सरकली की तीही सरकायची. आठेक वर्षांची झाल्यावर एक दिवस मी बघते तर ही बारक्यांच्या रांगेत बसून एकाला थोपटतेय. नवा मुलगा होता, नऊ दिवस रडून रडून त्यानं मला दमवलं होतं. पाठ झाली, कपाळ झालं, तळपाय झाले. हिनं त्याच्या कानामागं बोट फिरवलं आणि तो दोन मिनिटांत झोपला.

‘तुला कसं गं कळलं?’ मी विचारलं.

‘तो रडताना तिथंच हात नेतो ना काकू. तू बघितलं नाहीस?’

मी बघितलं नव्हतं. मला कौतुक वाटलं आणि थोडं झोंबलंही. मी दोन्ही कबूल करते.

त्यानंतर ती माझा दुसरा हात झाली. शाळेची व्हॅन तिला बारा पन्नासला सोडायची. दप्तर टेकवून, हातपाय धुऊन, जेवून ती कामाला लागायची. मी सांगायच्या आधी पडदे ओढलेले, दुपटी अंथरलेली. रांगेच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये मुलं. तसं बघायला गेलं तर घरात यजमानही असू शकले असते. पण कोलशेतच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून दुपारी बारा ते पाच ते वाचनालयात असतात. ‘तुझी कंपनी चालू झाली की मला सुट्टी,’ असं म्हणत चष्म्याचं घर खिशात टाकून निघतात. मला त्यांची गरज नव्हती. माझ्याजवळ ती होती.

ती पाचवीत गेली त्या वर्षीची गोष्ट. शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. त्या दिवशी संकष्टी होती. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि डॉक्टरांनी कडक उपास करू नका म्हणून बजावलं होतं. पण माझ्या लग्नापासूनची, म्हणजे कल्याणचं माहेर सोडून या घरात आल्यापासूनची एकही चतुर्थी मी मोडलेली नव्हती. डॉक्टर काल आले, गणपती आधीपासून आहे, असा माझा हिशेब. सकाळपासून नुसता चहा आणि पाणी. गोळी तेवढी घेतली, उपाशीपोटी. दीडला नेहमीसारखी आडवी झाले, एका पोरीच्या पाठीवर हात ठेवला, आणि गिरणीची घरघर लांब लांब जात राहिली एवढंच मला आठवतं.

जाग आली तेव्हा उन्हाची पट्टी फरशीवर नव्हती. भिंतीवर पिवळा उजेड होता. माझ्या अंगावर कोणीतरी शाल घातली होती. मुलं भिंतीला टेकून ओळीनं बसली होती आणि पेल्यातून दूध पीत होती, इतकी गुपचूप की क्षणभर मला वाटलं, मी स्वप्नातच आहे. मग मी मुलं मोजली. एक कमी होतं. घड्याळात पाच वाजायला दहा कमी होते.

मी धडपडत उठले. ‘ती बारकी कुठंय?’

‘तिची आई लवकर आलेली काकू,’ रांगेच्या टोकावरून ती म्हणाली. ‘बॅग, बाटली सगळं दिलं मी.’

‘आणि मी कुठं आहे म्हणून सांगितलंस?’

‘काकू पूजेला बसलीये म्हटलं.’

तिनं एकाची ओली चड्डी बदलून दोरीवर वाळत घातली होती. दूध थंडच दिलं होतं, गॅसला हात लावायचा नाही हा माझा नियम म्हणून. आणि थंड दूध कोणी पिणार नाही म्हणून साखर जास्त घातली होती. लाज इतकी वाटत होती की मी तिच्यावरच उखडले, ‘मला उठवायचं नाही का?’

‘उठवलेलं,’ ती म्हणाली. ‘तू उठलीच नाहीस.’

मी हसण्यावारी नेलं. आणि मग ती गोष्ट केली जी लिहितानाही मला नकोसं होतं. मी म्हटलं, ‘आईला नको हं सांगूस.’ वर तिला राजगिऱ्याचा लाडू दिला. लाचच ती, दुसरं काय? तिनं लाडू घेतला आणि मान हलवली.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी तिची आई तिला न्यायला आली ती दारात रेंगाळली. ‘काकू, एक विचारायचं होतं. आता हिला घराची किल्ली द्यावी असं चाललंय आमचं. समोरच तर आहे. शाळेतून आली की स्वतः उघडायचं, जेवायचं, अभ्यास करायचा. तिच्या वर्गातल्या दोघीतिघी राहतात तशा. पण तुम्ही तिला आमच्यापेक्षा जास्त बघता. तुम्ही म्हणाल तसं करू.’

ती तिथंच होती. खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती.

त्या दुपारी तीन तास तिनं सात जणांचं घर सांभाळलं होतं. मला धरून आठ. एकटी राहू शकेल का, या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं पक्कं जगात कोणाला माहीत नव्हतं. आणि मी म्हटलं, ‘अगं, एवढी घाई कशाला? घाबरट आहे ती अजून. वर्षभर थांबा.’

नाडी बांधणारे हात थांबले. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. ती विचार करत होती. मग तिनं गाठ मारली, दप्तर उचललं आणि आईच्या मागं जिना उतरून गेली.

मी तसं का म्हटलं? रात्री भांडी आवरताना मी स्वतःला बरीच कारणं दिली. दिवस वाईट आहेत, मुलीची जात आहे, तिसरा मजला आहे, खिडकीला गज नाहीत. एकही खरं नव्हतं. गज तर होतेच. खरं कारण एवढंच की ती गेल्यावर दुपारी रांगेच्या त्या टोकाला कोणी असणार नव्हतं, ते मला सोसवत नव्हतं. दुसरं त्याहून वाईट. तिचं धाडस कबूल करायचं तर ते कधी दिसलं हेही सांगावं लागलं असतं. चोराच्या मनात चांदणं. चोवीस वर्षं ‘काकूंकडे मूल ठेवलं की चिंता नाही’ हे ऐकत आलेली बाई मी, आणि पोरांच्या मध्ये मेल्यासारखी झोपले होते. ते झाकायला मी दहा वर्षांच्या पोरीला घाबरट ठरवलं.

पुढचा महिना तसाच गेला. म्हणजे वरून तसाच. ती यायची, पडदे ओढायची, थोपटायची. पण आता दीड वाजला की माझ्याजवळ येऊन विचारायची, ‘काकू, जेवलीस? गोळी घेतलीस?’ पहिल्यांदा मी हसले. मग रोजच विचारायला लागली तेव्हा मला राग यायला लागला. ‘लहान तोंडी मोठा घास नको घेऊस,’ असं मी एकदा तोडून बोललेसुद्धा. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. आणखी एक मला दिसत होतं. पूर्वी ती गॅलरीशी पाठ करून वाचत बसायची, आता मुलं झोपली की तोंड माझ्याकडे करून बसायची. पुस्तकाचं पान बराच वेळ उलटत नसे.

पुढची संकष्टी आली. मी अर्थातच उपास धरला. ती शाळेतून आली, हातपाय धुतले आणि आपलं जेवायचं ताट माझ्यासमोर आणून ठेवलं. पोळी, दुधीची भाजी, वरणभात.

‘आज तू खा.’

‘अगं उपास आहे माझा.’

‘माहितीये. म्हणूनच.’

‘वेडी का काय तू? देवाचा उपास असा मोडतात का?’

मुलं जेवत होती. एकानं पाणी सांडलं, तिनं ते न बघता पायपुसण्यानं पुसलं. मग माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि हळू आवाजात, बारक्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, ‘आई परत विचारत होती चावीचं. म्हणाली, काकू म्हणतात तू घाबरतेस, खरं का? मी म्हटलं, हो.’

‘अगं... हो का म्हणालीस?’

‘मग काय म्हणू? मी घरी गेले आणि तू परत तशी झोपलीस तर? ह्यांना कळणार पण नाही. हा तर तीन वर्षांचा आहे.’ तिनं कानामागची झोप असलेल्या पोराच्या धाकट्या भावाकडे बोट केलं. ‘त्या दिवशी मी तुला किती हलवलं. मग मी तुझ्या नाकाखाली बोट धरून बघितलेलं. दोनदा. दर थोड्या वेळानं बघत होते मी. मला वाटलेलं...’

तिचा खालचा ओठ आत ओढला गेला, जसा ती आठ महिन्यांची असताना रडण्याआधी जायचा.

मी समजत होते की मी तिला अडवून धरलं आहे. तसं नव्हतं. तिनंच स्वतःला थांबवलं होतं, माझ्यासाठी, आणि त्यासाठी स्वतःच्या आईला स्वतःविषयी खोटं सांगितलं होतं. ज्या घरात मी पोरांना सांभाळते त्या घरात महिनाभर एक पोर मला सांभाळत होती, आणि मी तिच्यावर गुरगुरत होते. मला स्वतःची इतकी शरम आजवर कधी वाटली नव्हती.

मी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, चंद्राची वाट न बघता. दुधीची भाजी मला आवडत नाही. ती मी सगळी संपवली, आणि ती समोर बसून माझा घास न् घास बघत राहिली. मी भात कालवायला लागले तेव्हा तिनं डोळे पुसले आणि स्वतःसाठी वाढून घेतलं.

संध्याकाळी यजमान आले तेव्हा त्यांना आधी सांगितलं. त्यांनी खिशातलं चष्म्याचं घर काढून फडताळात ठेवलं. मग म्हणाले, ‘उद्यापासून वाचनालयातलं पुस्तक घरी आणतो.’ एवढंच. मग मी समोरच्या इमारतीत गेले. इतक्या वर्षांत तिथं मी फार तर हळदीकुंकवाला आणि बारशाला गेले असेन. त्या दिवशी तीन मजले चढताना मला धाप लागली होती आणि ती जिन्यामुळं नव्हती.

तिच्या आईवडिलांसमोर मी सगळं सांगितलं. उपास, गोळी, झोप, थंड दूध, लाडू. ‘ती घाबरट नाही,’ मी म्हटलं. ‘तिच्याइतकं धीराचं मूल माझ्याकडे आलेलं नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले.’

वडील उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. आई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, ‘काकू, तुम्हाला काही झालं असतं तर? ती एकटी होती हो तिथं.’ तिचा आवाज चढला नव्हता. मी मान खाली घातली. तिला बोलायचा पूर्ण अधिकार होता आणि तिनं आणखी बोलावं असं मला वाटत होतं. तिनं आतून चहाचा कप आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘हे तिनं आम्हाला महिनाभर कळू दिलं नाही बघा.’ मी म्हटलं, ‘मीच सांगितलं होतं, सांगू नकोस म्हणून.’

बाकीच्या घरांनाही सांगितलं, दोन दिवसांत, एकेक करून. यापुढे दुपारी घरात दोन मोठी माणसं असतील हेही सांगितलं. एका घरानं मूल काढून घेतलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही काढलं असतं. बाकीची राहिली. यजमानांना थोपटता येत नाही, ते पाठीवर तबला वाजवल्यासारखं करतात. पण एका मुलाला नेमकं तेच आवडतं असं निघालं.

आणि मग तिला किल्ली मिळाली.

आठवड्याभरात ठरलं. गळ्यात गोफ, गोफात किल्ली, किल्ली गणवेशाच्या आत. घरी पोचली की आईला फोन करायचा, मग मला. हा दुसरा फोन तिनंच ठरवला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिला पाटावर बसवून ओवाळलं, हातावर साखर ठेवली. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ओवाळते. ती अवघडून बसली होती आणि बारकी पोरं भोवती टाळ्या वाजवत होती. ‘काकू, मी समोरच आहे,’ ती म्हणाली. ‘उद्या पोचल्यावर पहिला फोन तुला. आईला नंतर.’

दुसऱ्या दिवशी बारा पन्नासला मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते. व्हॅन आली. ती उतरली, आमच्या फाटकाकडे न बघता सरळ त्यांच्या फाटकातून आत गेली. जिन्याच्या जाळीतून तिचं निळं दप्तर पहिल्या मजल्यावर दिसलं, दुसऱ्या मजल्यावर दिसलं, तिसऱ्यावर जरा वेळ थांबलं. कुलूप जड असेल. मग दिसेनासं झालं. मी फोन ओट्यावर ठेवला, पडदा बाजूला सारला आणि मुलांना वाढायला घेतलं.

एक वाजला. सव्वा वाजला. फोन वाजला नाही. समोर तिच्या घराच्या खिडकीतल्या दोरीवर गणवेशाचा पांढरा शर्ट आला, म्हणजे पोचली होती, कपडे बदलले होते. चिमटे लावताना दिसलेले हात तिचेच. चिंतेचं काही नव्हतं. तरी फोन हातात घेऊन मी आवाज वाढवलेला आहे ना ते दोनदा बघितलं.

दीडला मुलं झोपवायला घेतली. माझं लक्ष नव्हतं. पाठीत झोप असलेल्या पोरीचं कपाळ चोळत होते. यजमान पुस्तकावरून म्हणाले, ‘एवढं वाटतं तर जाऊन ये की.’ मी उठले, चपला घातल्या, दाराची कडी काढली. आणि तिथंच उभी राहिले. आज मी तिचं दार वाजवलं तर त्याचा अर्थ ती एकच काढणार होती. एकदा तिला घाबरट म्हणून झालं होतं. मी चपला काढल्या, येऊन पुन्हा आडवी झाले. घरघर चालू होती, उन्हाची पट्टी सरकत होती, हात चालत होता. अडीच वाजले, तीन वाजले. समोर रेडिओ किंवा फोनवर काहीतरी गाणं लागलं होतं, त्यावर कोणीतरी मोठ्यानं, बेसूर, अगदी मोकळ्या गळ्यानं म्हणत होतं. दहा वर्षांत मी तिला गाताना कधी ऐकलं नव्हतं. माझ्या घरी दुपारी मुलं झोपलेली असायची ना, गाणार कधी?

पावणेपाचला मी गॅलरीत कपडे काढायला गेले तर ती खाली होती. त्यांच्या इमारतीतल्या तीनचार मुली, हातात बॅडमिंटनच्या रॅकेटी, आणि ही मध्ये, तोंडानं कसलेसे नियम सांगत. मी वरून हाक मारली.

‘अगं ए, फोन करणार होतीस ना?’

तिनं वर बघितलं. एक क्षण तिला काही आठवेना, आणि मग तिनं कपाळावर हात मारला. ‘अय्या! विसरलेच काकू!’ आणि हसत, शटलचं फूल टोलवायला मागं पळाली.

मी कपडे घेऊन आत आले. मुलं उठायला लागली होती.

‘काय म्हणाली?’ यजमानांनी विचारलं.

‘विसरली,’ मी म्हटलं.

‘मग त्यात रडायचं काय आहे?’

‘आज दुपारभर तिला माझी काळजी वाटली नाही हो,’ मी म्हटलं, आणि मुलांसाठी दूध तापत ठेवलं.